दोन सह्यांचं औषध

गोदीत टॅली क्लार्क होतो असं सांगितलं की समोरचा माणूस समजल्यासारखी मान डोलावतो आणि थोड्या वेळाने विचारतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी हेच विचारलं होतं, परवा नातजावयानेही विचारलं. तेव्हा आधी तेच सांगून टाकतो. जहाजाच्या पोटातून क्रेनने माल वर येतो, धक्क्यावर उतरतो आणि तिथून शेडमध्ये जातो. या वाटेवर कुठेतरी एक माणूस हातात पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन उभा असतो. तो मोजतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पेटीवरची खूण बघतो, पेटी फुटली असेल, भिजली असेल तर तसं टिपून ठेवतो. संध्याकाळी त्याचा आकडा जहाजाच्या कागदावरच्या आकड्याशी जुळला तर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. नाही जुळला तर सगळे त्याच्याकडेच बघतात. मी हे काम निवृत्त होईपर्यंत केलं आणि बऱ्यापैकी केलं.

गमतीही पुष्कळ झाल्या. एकदा निळ्या रंगाचं पिंप फुटलं आणि हमालांची अख्खी टोळी निळी होऊन घरी गेली. लालबागच्या आमच्या चाळीत दोन दिवस नळावर रांग होती. एका पारशी गृहस्थांचा पियानो शेडमध्ये अडकला होता, तर ते रोज घडीचं स्टूल घेऊन यायचे आणि पियानोशेजारी बसून राहायचे. मला म्हणायचे, "डिकरा, एने हवा लागे छे, जरा फेरव नी." मी रोज तो पियानो जरासा फिरवायचो. दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा खरं तर या पियानोवरच लिहायचं मनात होतं. पण लिहायला बसलो की हात दुसरीकडेच जातो, त्या जाळीतल्या पेट्यांकडे. त्या आठवल्या की आजही डोकं सणकतं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ती वर्षं. गोळीबार होऊन गेला होता, सभा-मोर्चे रोजचे झाले होते. मीही जायचो. चाळीतले सगळेच जायचे. आणि त्याच सुमारास माझा खोकला बरा होईना. गोदीत खोकला सगळ्यांनाच असतो. सिमेंट, गंधक, कापूस, काही ना काही नाकातोंडात जातच असतं. पण एका सकाळी रुमालावर लाल डाग दिसला. माझ्या आधी तो बायकोला दिसला.  मालतीने रुमाल पाण्यात टाकला, पदर खोचला आणि मला घेऊन परळच्या क्षयाच्या दवाखान्यात आली.

तिथे सबनीस डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला, डाव्या बाजूच्या ढगाळ जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "परब, या रोगाने आता माणूस मरायचं कारण नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया आणि बरोबर गोळ्या. महिनोन्‌महिने घ्यायच्या. फक्त मध्ये खंड पाडायचा नाही. अर्धवट सोडलंत तर जंतू त्या औषधाला सरावतात. मग तेच औषध हंडाभर दिलं तरी उपयोग नाही."

मी खंड पाडणार नव्हतोच. सुई झोंबायची, नंतर ओठांभोवती मुंग्या यायच्या, पण खोकला उतरू लागला. आमचे शेड सुपरिंटेंडंट भला माणूस. त्यांनी मला जहाजावर चढण्याच्या कामातून काढलं आणि शेडमधल्या जाळीच्या खोलीवर नेमलं. किमती माल ठेवायची ती जागा. किल्ली माझ्याकडे, बसून काम.

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी हौसाबाई असायच्या. लोअर परळच्या एका गिरणीत त्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, चाळिशीच्या, हाडकुळ्या, तोंडावर पदर धरून बसायच्या. बोलणं मात्र पदराआडूनही खणखणीत. मला दादा म्हणायच्या. आमचा दोघांचा उपचार मागेपुढेच सुरू झाला होता. त्या म्हणायच्या, "दादा, सुई दुखली का बरं वाटतंय बघा. आत कायतरी भांडण चाललंय म्हनायचं."

आणि एका सकाळी दवाखान्याच्या खिडकीतून नर्स म्हणाली, "औषध संपलंय. पुढच्या आठवड्यात बघा."

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा परदेशातून यायचं आणि परकीय चलनाची तंगी असल्यामुळे येणारा मालच कमी झाला होता. सबनीस बाईंनी आम्हाला चिठ्ठ्या लिहून दिल्या. "बाहेर मिळतं का बघा. मिळालं की घेऊन या, मी टोचते."

मग सुरू झाली माझी वणवण. आधी लालबाग, मग दादर, माटुंगा, मग गिरगाव. दादरच्या दुकानदाराने चिठ्ठी वाचून परत दिली. "काल होतं."

माटुंग्याचा म्हणाला, "अहो, कालच संपलं."

गिरगावात मोर्चा येणार म्हणून दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या. मी वाकून फटीतून विचारलं. आतून आवाज आला, "काल यायचं होतंत." मुंबईत ते औषध कायम कालच असायचं. एकाने विचारलं, ओळख कुणाची आहे? मी म्हटलं, माझी क्षयाशी आहे. त्याने फळी लावून घेतली. एका भल्या गृहस्थाने तर पेनिसिलिन पुढे केलं आणि वर म्हणाला, "हेही सुईतूनच देतात की." घरी आई अडुळशाचा काढा उकळत बसलेली. तो मी निमूट पीत होतो, कारण निदान तो मिळत तरी होता. खोकला पुन्हा वाढू लागला होता. मालती रात्री माझा श्वास ऐकत जागी असते हे मला कळायचं.

अशातच एक दिवस नवा माल यायचा म्हणून जाळीच्या खोलीत जागा करत होतो. मागच्या भिंतीला पेट्यांची एक चळत बरेच दिवस पडून होती. मी तिची मोजदाद रोज करायचो. पण टॅली क्लार्क पेटीवरची खूण आणि नंबर बघतो, आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हमालांनी चळत ओढली आणि पेट्यांची भिंतीकडची बाजू उजेडात आली. तिच्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत औषधाचं नाव होतं. ज्याच्यासाठी मी मुंबई पालथी घालत होतो ते औषध माझ्याच किल्लीखाली पडलेलं. आणि मी त्याच्याकडे पाठ करून खोकत बसायचो.

आमच्या टोळीचा मुकादम बाबल. मालवणकडचा, आमच्याच गावाजवळचा, वयाने मोठा. त्याला माझं दुखणं ठाऊक होतं. तो पेट्यांकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सदा, पेटी हातातसून पडता कधीकधी. फुटकी म्हणान लिव. आतल्यो चार बाटल्यो कमी झाल्यो, तर कोण इचारतलो?"

मी लगेच नाही म्हणालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवणाची सुटी संपेपर्यंत मी त्या पेट्यांसमोर बसून होतो. मग त्याला म्हटलं, "चार बाटल्यांनी चार दिवस जातील बाबल. पुढे काय करू? रोज पेटी पाडशील?"

"पाडीन," तो म्हणाला. तोही गंभीर होता.

"मग एक दिवस दोघांची नोकरी जाईल, आणि पेट्या मात्र इथेच राहतील." मी किल्ली खिशात टाकली. प्रामाणिकपणाचा आव आणत नाही, भीती होतीच. पण त्याहून जास्त राग होता. या पेट्या इथे का आहेत हेच मला आधी समजून घ्यायचं होतं.

त्या पेट्यांचे कागदपत्र करणारे दलाल गोदीत रोज भेटायचे. त्यांना गाठलं. ते वैतागून म्हणाले, "सगळं तयार आहे हो. परवाना आहे, जकात भरायची तयारी आहे. फक्त मालकांच्या सह्या नाहीत. प्रिन्सेस स्ट्रीटची पेढी आहे, दोघं भाऊ मालक. दोघांची सही लागते आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत."

"का?"

"थोरले सरकारी पक्षाचे, धाकटे संयुक्त महाराष्ट्रवाले. आता समजा."

समजलं. तेव्हा घराघरात हे चाललं होतं. पण बाकीच्या घरांमध्ये औषध अडकलेलं नव्हतं.

प्रिन्सेस स्ट्रीटला गेलो. लांबट दुकान, भिंतीला काचेची कपाटं, आणि एकाच खोलीत दोन टेबलं, एकमेकांकडे पाठ केलेली. दोघेही गिरगावातले, एकाच घरात वरखाली राहणारे. आधी थोरल्यांकडे गेलो. टोपी, उपरणं, अतिशय सौम्य बोलणं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "तुमचं ऐकून फार वाईट वाटलं. पण पेढीचा शिरस्ता आहे. कागदावर आधी धाकट्याने सही करायची, मग थोरल्याने तपासून खाली करायची. वडिलांपासूनचा नियम. त्यांना सांगा."

ज्यांना सांगायचं ते हातभर अंतरावर पाठ करून बसले होते. मी वळसा घालून त्यांच्यापुढे गेलो. धाकट्यांचा चेहरा मी लालबागचा म्हटल्यावर फुलला. परवाच्या सभेला होतात का, चाळीत वातावरण कसं आहे, हे सगळं विचारून झालं. मी सह्यांचं काढलं तेव्हा त्यांनी आवाज मुद्दाम चढवला, मागे ऐकू जावं म्हणून. "मुंबई महाराष्ट्राला देऊ नका अशी दिल्लीला तार करणारा माणूस माझी सही तपासणार? आधी त्याने सही करावी, मग मी बघेन."

"साहेब, आम्ही दवाखान्यात कितीतरी माणसं थांबलोय."

"परब, हा त्यागाचा काळ आहे."

मी उठलो. मीही त्यांच्याच बाजूचा. डॉक्टरीणबाईंनी मना करेपर्यंत मीही घोषणा दिल्या होत्या. पण माझ्या फुप्फुसाचा त्याग हा माणूस मला न विचारता जाहीर करत होता. थोरल्यांकडे बघितलं तर ते चष्मा पुसत, 'बघा, मी म्हटलं नव्हतं' अशा चेहऱ्याने बसलेले. त्या दोघांपैकी जास्त राग कुणाचा आला हे मला आजही ठरवता येत नाही.

पुन्हा एकदा गेलो. सुचवलं की दोघांनी एकाच ओळीत शेजारी शेजारी सह्या कराव्यात. दोघांनाही कल्पना आवडली. मग डावीकडे कोण यावरून अडलं.

हे सगळं मी दवाखान्यातल्या बाकावर हौसाबाईंना सांगितलं. औषध नसलं तरी आम्ही ठरल्या दिवशी जायचो. न जाऊन करणार काय? हौसाबाई आता फार खोकायच्या. गिरणीत मात्र जात होत्या, खाडा परवडत नव्हता.  माझं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दुकान कुटं हाय ते दावा मला."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"बसणार."

आम्ही गेलो. दुपारची गिऱ्हाइकीची वेळ होती. हौसाबाई आत गेल्याच नाहीत. त्यांनी दुकानाच्या उंबऱ्याच्या मधोमध पदराने जागा झाडली आणि मांडी घालून बसल्या. मी बाजूला उभा. धाकटे पुढे आले. "काय पाहिजे बाई?"

"सुईचं औषध. तुमचं गोदीत हाय त्ये."

"ते अजून सुटलेलं नाही."

"सुटस्तवर बसते."

मग त्यांना खोकला आला. मुद्दाम नव्हता, त्यांना तो येतच होता. पण चांगला लांबला. पदर तोंडावर होता तरी आत येणारी दोन गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली. एकाने मला विचारलं, "काय झालंय यांना?" मी खरं ते सांगितलं. दोघेही वळले आणि शेजारच्या दुकानात गेले. नंतर आलेले तिघेही तसेच गेले. औषधाच्या दुकानाच्या दारात आजारी माणूस बसला तर गिऱ्हाईक पळतं, हे त्या दिवशी बघितलं.

थोरले टेबलावरून उठून आले. "बाई, आत बाकावर बसा. दारात बरं दिसत नाही."

"हितं वारं लागतंय. बरं वाटतंय."

धाकटे म्हणाले, "अहो, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत. चळवळीत मी तुरुंगात गेलोय."

हौसाबाईंनी त्यांच्याकडे वर बघितलं. "म्या बी मोर्चाला गेले हुते साहेब. डोक्यावर फुटल्याली काच पडली माझ्या. तुमा दोघांत कोन बरूबर त्ये मला समजत न्हाई. मला निस्ती सुई पायजे."

 सत्याग्रहाची इतकी भाषणं केलेला माणूस सत्याग्रहाला दारातून उठ म्हणणार कसा? धाकटे आत गेले. थोरलेही गेले. त्यांच्या टेबलांमध्ये जो काय संवाद झाला तो बहुधा कैक महिन्यांतला पहिला असावा, कारण दोघांचेही आवाज चोरटे होते. मला एवढंच ऐकू आलं, "मग तूच डावीकडे कर, पण कर एकदाची." कोण कुणाला म्हणालं ते कळलं नाही. शाई वाळायच्या आत कागद माझ्या हातात आला. पहिला माल परळच्या दवाखान्याला देऊ, असं थोरल्यांनी कबूल केलं. धाकट्यांनी मागून सांगितलं की हे त्यांच्याच मनात आलं होतं.

हौसाबाई उठल्या, लुगडं झटकलं आणि मला म्हणाल्या, "चला दादा. दुसरी पाळी गाठायची हाय मला."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दलालांनी माल सोडवायचा दिवस ठरवला, आणि नेमका त्याच दिवशी हरताळ पुकारला गेला. गोदी बंद. माझ्याच चळवळीचा हरताळ, मलाही मान्य असलेला. किल्ली खिशात, कागद हातात, पेट्या जाळीत, आणि त्या उचलायला माणूस नाही. बाबल फाटकाशी भेटला. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आज हात लावलंय तर माझीच टोळी माका धक्क्यावरसून खाली टाकतली. उद्या उजाडता उजाडता येतंय." बोलल्याप्रमाणे तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आला आणि पहिली पेटी त्याने स्वतःच्या पाठीवर घेतली. दवाखान्यापर्यंत सोबत जायचं मनात होतं, पण जाळीत आणखी माल होता, मला तिथून हलता आलं नाही. मी पेट्या मोजून दिल्या. एकही पेटी फुटलेली नव्हती.

दवाखान्यात सुया पुन्हा सुरू झाल्या. माझा खोकला हळूहळू बसला, वजन चढलं, आणि पुढच्या फोटोत सबनीस बाईंनी ढगाळ जागेवर बोट ठेवलं तेव्हा ती बरीच आक्रसली होती. कालांतराने त्यांनी मला मोकळं केलं.

हौसाबाईंचं तसं झालं नाही. त्यांनाही त्याच पेटीतलं औषध मिळत होतं, त्याच दिवशी, त्याच खिडकीत. पण ताप उतरेना. थुंकी तपासायला पाठवली. सबनीस बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या जंतूंवर हे औषध आता चालत नाही. मधल्या खंडात सरावले असणार."

"खंड तर मलाही पडला होता."

"हो," त्या म्हणाल्या. "तुमचं नशीब म्हणा. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही."

दुसरं औषध तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. हौसाबाई गावी जायला निघाल्या त्या दिवशी बाकावर भेटल्या. हातात कापडी पिशवी होती. म्हणाल्या, "सुई अजून दुखती दादा. पर आत भांडण न्हाई चाललेलं. कळतंय मला." मी काहीतरी बोललो, गावची हवा, दूध, असलं काहीतरी. त्यांनी ते ऐकून घेतलं. पुढे पावसाळ्यानंतर त्यांच्या खात्यातल्या एका बाईने सांगितलं की हौसाबाई गेल्या.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसकट झाला. लालबाग, परळ, गिरगाव, सगळीकडे तोरणं आणि गुलाल होता, आणि मीही त्यात होतो, पोटातून आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी काही कामाने प्रिन्सेस स्ट्रीटवरून जाताना त्या दुकानावर झेंडूच्या माळा दिसल्या. दोघे भाऊ दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे देत होते. आता दोघेही एकाच बाजूचे होते. निकाल लागल्यावर बरेच जण झाले. धाकट्यांनी मला ओळखलं, हाताला धरून उंबऱ्याशी नेलं आणि पेढा दिला. तब्येत विचारली. मग थोरले म्हणाले, "आणि त्या बाई? इथे बसल्या होत्या त्या? कशा आहेत?"

मी सांगितलं.

 मागून माणसं येत होती, हात पुढे करत होती, पण पेढ्यांचं ताट थोरल्यांच्या हातात तसंच राहिलं. मग ते अगदी मनापासून म्हणाले, "पण आम्ही तर त्याच दिवशी सह्या केल्या होत्या."

"हो," मी म्हटलं. "त्याच दिवशी केल्या होत्यात."